एडवर्डियन इमारत रस्त्यावरून कशी वाचायची

ब्रिटन किंवा आयर्लंडमधल्या एखाद्या जुन्या शहराच्या मुख्य रस्त्यावर उभे राहा. दुकानांच्या काचा, पाट्या, छत्र्या सोडून द्या आणि पहिल्या मजल्यापासून वर बघा. तळमजला प्रत्येक नवा भाडेकरू आपल्या सोयीने फोडतो. वरच्या मजल्यांना हात लावायला पैसे पडतात, परवानगी लागते, म्हणून ते बहुतेक वेळा जसेच्या तसे राहतात. इमारतीची खरी ओळख तिथे असते.

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करणारी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इमारतीसमोर आल्यावर माझा पहिला प्रश्न शैलीचा नसतो. हिचा भार कोण घेतंय, हे मला आधी हवं असतं. १९०० ते १९१४ या काळातल्या इमारतींना हा प्रश्न विचारला की सगळ्यांत जास्त हाती लागतं, कारण याच वर्षांत मोठ्या इमारतींमधल्या दगडी भिंतींनी भार वाहणं हळूहळू सोडलं आणि ते काम पोलादाच्या सांगाड्याकडे गेलं. बाहेरून मात्र दगड पूर्वीच्याच रुबाबात उभा राहिला. कातडी आणि हाडं यांची ही फारकत डोळ्यांना दिसायला लागली की त्या काळातला कुठलाही रस्ता कंटाळवाणा वाटत नाही.

सातवा एडवर्ड जानेवारी १९०१ ते मे १९१० गादीवर होता. इमारतींच्या बाबतीत 'एडवर्डियन' हा शब्द सैलपणे पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत वापरला जातो, आणि मीही तसाच वापरणार आहे.

निघताना एक लहान दुर्बीण आणि वही बरोबर असू द्या. पाऊस नुकताच थांबलेला असेल तर फारच उत्तम. ओल्या भिंतीवर पाणी कुठून वाहिलं, कुठे मुरलं, कुठे अडलं हे सगळं उमटलेलं असतं. ऊन पडल्यावर ते पुसलं जातं.

आधी तारीख, पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास नको

दर्शनी भागावर कोरलेलं साल शोधा. ते दरवाजावर असतं, त्रिकोणी माथ्यात असतं, आणि बरेचदा छपराचं पाणी खाली नेणाऱ्या नळाच्या तोंडाशी बसवलेल्या शिशाच्या किंवा ओतीव लोखंडाच्या पेटीवर असतं. या पेट्या लोक बघतच नाहीत. सार्वजनिक इमारतींवर राजाची मुद्राही सापडते : ई, आर आणि रोमन सात.

आता सावधगिरी. लंडनमध्ये ट्रॅफल्गार स्क्वेअरच्या कोपऱ्यावरची अ‍ॅडमिरल्टी आर्च बघा. वर मोठ्या लॅटिन अक्षरांत लिहिलंय की राजा सातव्या एडवर्डच्या दहाव्या वर्षी कृतज्ञ नागरिकांनी ही राणी व्हिक्टोरियासाठी उभारली, आणि साल दिलंय १९१०. अ‍ॅस्टन वेबची ही इमारत पूर्ण झाली १९१२ मध्ये, एडवर्ड गेल्यावर. याहून ताणलेलं उदाहरण लिव्हरपूलच्या अँग्लिकन कॅथेड्रलचं. जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या बावीस वर्षांच्या तरुणाने १९०३ मध्ये स्पर्धा जिंकली, १९०४ मध्ये राजाने पायाचा दगड बसवला आणि काम संपलं १९७८ मध्ये. तेव्हा कोरलेलं साल पायाभरणीचं आहे, उद्घाटनाचं आहे की एखाद्या देणगीचं, हे नीट वाचून मगच वहीत लिहा.

कातडी : दगड आणि भाजलेली माती

सरकारी आणि नगरपालिकेच्या इमारतींवर तुम्हाला सर्वांत जास्त दिसेल तो पोर्टलंडचा दगड. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधल्या पोर्टलंड बेटावर निघणारा हा पांढुरका चुनखडक. जवळ जाऊन बघितलं की त्यात शिंपल्यांचे तुकडे दिसतात. दगड थोडा झिजला की हे तुकडे किंचित वर येतात आणि बोटांना लागतात. दुरून ओळखायचा असेल तर त्याचं काळं-पांढरं बघा : पाऊस जिथे थेट आपटतो तिथे तो धुऊन पांढरा राहतो, आणि कंगणीखाली (म्हणजे भिंतीच्या माथ्याशी पुढे आलेल्या दगडी पट्ट्याखाली), मूर्तींच्या बगलेत, जिथे पाणी पोहोचत नाही तिथे शहराची काजळी साचून काळा होतो. मला हा भेद फार उपयोगी पडतो. ज्या जागा सावलीतल्या असूनही पांढऱ्या आहेत, तिथे वरून कुठूनतरी पाणी गळत असतं.

दुसरी कातडी भाजलेल्या मातीची. शहरं धुराने काळी होत होती, म्हणून चकाकी दिलेली, धुता येणारी भिंत लोकांना हवी होती. याचा सर्वांत सोपा धडा लंडनच्या भुयारी रेल्वेत मिळतो. लेस्ली ग्रीन या वास्तुरचनाकाराने १९०६ आणि १९०७ मध्ये उघडलेल्या तीन नव्या मार्गांसाठी एकाच कुळातली स्टेशनं काढली. गडद रक्तासारख्या लाल चकाकत्या फरशा, खाली रुंद दारं, वर अर्धवर्तुळाकार मोठ्या खिडक्या आणि त्यांच्या माथ्यावर दातेरी कंगणी. रसेल स्क्वेअर, कव्हेंट गार्डन, चॉक फार्म, मॉर्निंग्टन क्रेसंट, कुठलंही घ्या. एक पाहिलं की बाकीची बसमधूनसुद्धा ओळखू येतात. फलाटांवरच्या फरशांची नक्षी आणि रंग मात्र प्रत्येक स्टेशनाला वेगळे दिलेले आहेत.

पण या स्टेशनांचं छप्पर का सपाट आहे, हा प्रश्न विचारायला विसरू नका. आत पोलादी सांगाडा आहे, आणि तो वर आणखी मजले चढवता यावेत अशाच हिशेबाने उभा केलेला आहे. रेल्वे कंपनीला वरची जागा विकायची होती. ऑक्सफर्ड सर्कसला ते मजले खरंच चढले. रसेल स्क्वेअरला नाही, तिथे स्टेशन आजही दोन मजल्यांवर थांबलेलं दिसतं. ग्रीन १९०८ मध्ये तेहेतिसाव्या वर्षी वारला. एवढ्या कमी वर्षांत एवढं काम करून गेलेला माणूस मला दुसरा सहज आठवत नाही.

बरोक : घुमट, तुटके माथे आणि फुगलेले खांब

त्या काळातली नगरभवनं आणि न्यायालयं ज्या शैलीत बांधली गेली तिला एडवर्डियन बरोक म्हणतात. साम्राज्य ऐन भरात होतं आणि त्याला शोभेल अशी, पण आपल्याच मातीतली शैली हवी होती. म्हणून वास्तुरचनाकार सतराव्या-अठराव्या शतकातल्या क्रिस्टोफर रेन आणि व्हॅनब्रू या इंग्रज वास्तुरचनाकारांकडे वळले. ओळखायच्या खुणा सांगते. खिडकीवरचा त्रिकोणी किंवा कमानदार माथा मधोमध तुटलेला असतो आणि त्या फटीत एखादी ढाल किंवा मुखवटा बसवलेला असतो. कमानीच्या मधोमध माथ्यावर बसणारा कळीचा दगड गरजेपेक्षा कितीतरी मोठा असतो. खांबांच्या अंगावर चौकोनी दगडांचे पट्टे आवळलेले असतात. खालच्या मजल्यावर दगडांमधल्या दरजा मुद्दाम खोल कोरलेल्या असतात, म्हणजे इमारत जमिनीत घट्ट रोवलेली वाटावी. आणि वर बहुधा घुमट.

बेलफास्टचं सिटी हॉल यातलं पाठ करण्यासारखं उदाहरण. बेलफास्टला शहराचा दर्जा मिळाला १८८८ मध्ये, बांधकाम सुरू झालं १८९८ मध्ये आणि उद्घाटन झालं १९०६ मध्ये. अल्फ्रेड ब्रमवेल थॉमसची ही रचना : पोर्टलंडचा दगड, चार कोपऱ्यांवर चार मनोरे, मधोमध हिरवा पडलेला तांब्याचा घुमट, उंची ५३ मीटर. शहराच्या गॅस कारखान्याच्या नफ्यातून पैसा उभा राहिला. डोनेगल स्क्वेअरच्या उत्तरेकडून सुरुवात करा आणि मग पूर्ण प्रदक्षिणा घाला, कारण अशा इमारतीचा खरा दर्जा तिच्या पाठीवर कळतो. इथे चारही बाजूंना दगडाची उधळण सारखीच आहे.

कार्डिफचं सिटी हॉलही १९०६ चंच, लँचेस्टर, स्ट्युअर्ट आणि रिकर्ड्‌स यांचं. दक्षिण वेल्सच्या कोळशाचा पैसा इथे दगडात उतरलेला दिसतो. घुमटावर वेल्सचा ड्रॅगन बसलाय आणि बाजूला घड्याळाचा उंच मनोरा आहे. बेलफास्टचं सिटी हॉल सगळं काही सममितीत तोलून धरतं, तर कार्डिफचा मनोरा मुद्दाम मध्याच्या बाहेर ठेवलाय, आणि त्यामुळे दुपार कलल्यावर चालत जाताना इमारत पावलागणिक वेगळी दिसते. मला कार्डिफ जास्त आवडतं. पण याच मंडळींची माझी सर्वांत लाडकी इमारत आहे दक्षिण लंडनमधलं १९०५ चं डेप्टफर्ड टाउन हॉल, जे आता गोल्डस्मिथ्स विद्यापीठाकडे आहे. जागा अरुंद, पैसा कमी, तरी दर्शनी भागावर नौदलातल्या चार पुरुषांचे पुतळे, आधार देणारे सागरदेव, माथ्यावर गलबत. बरोक लहान अंगावरही कसा खुलतो ते तिथे जाऊन बघाच.

हाडं : पोलाद शोधायची पद्धत

आता मूळ मुद्द्यावर येऊ. पिकाडिलीवरचं रिट्झ हॉटेल १९०६ चं. मेवेस आणि डेव्हिस यांनी ते पॅरिसच्या धाटणीवर काढलं, खाली रस्त्यालगत कमानींची ओळ. बघणाऱ्याला वाटतं की या जाड कमानींनीच सगळा डोलारा पेललाय. तसं नाही. आत पोलादाचा पूर्ण सांगाडा आहे, स्वेन बायलँडर या अभियंत्याने आखलेला. मग भिंती इतक्या जाड का? कारण लंडनचा १८९४ चा बांधकाम कायदा सांगाडा ओळखतच नव्हता. इतकी उंची असेल तर भिंत इतकी जाड हवी, मग आत पोलाद असो वा नसो. तोच कायदा उंचीवर ८० फुटांची मर्यादा घालत होता आणि त्यावर छपरात दोन मजले चालवून घेत होता. लंडनभर त्या काळातल्या इमारतींच्या माथ्यावर उतरत्या छपरात खिडक्यांच्या दोन ओळी दिसतात, त्या यामुळे.

रिट्झनंतर ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या सेल्फ्रिजेसपाशी या. पहिला टप्पा १९०९ मध्ये उघडला, अभियंता पुन्हा बायलँडर. आज दिसणारी खांबांची लांबलचक रांग १९२०च्या दशकात पूर्ण झाली. इथे दोन खांबांमधलं जवळजवळ सगळं अंतर काच आणि धातूने भरलंय. भिंत उरलेलीच नाही. १९०९ मध्येच लंडन कौंटी कौन्सिलच्या नव्या कायद्याने सांगाड्याच्या इमारतींना पातळ भिंती लावायला मुभा दिली.

ही पद्धत कुठेही वापरा. दोन खिडक्यांमधल्या भरीव भागाची रुंदी नजरेने मोजा आणि खिडकीच्या रुंदीशी ताडून बघा. भरीव भाग खिडकीपेक्षा रुंद असेल तर भिंत भार घेत असण्याची शक्यता जास्त. खिडकी रुंद, खांब बारीक आणि मजले पाच-सहा असतील, तर आत पोलाद किंवा काँक्रीट आहे असं धरून चाला. मग दरवाजात उभं राहून भिंतीची जाडीही बघा, पण नुसत्या जाडीवरून निष्कर्ष काढू नका : रिट्झमध्ये जाड भिंतींच्या आतही पोलादच आहे. लिव्हरपूलला हा लंडनचा कायदा लागू नव्हता. तिथल्या धक्क्यावर वॉल्टर ऑब्री थॉमसची १९११ ची रॉयल लिव्हर बिल्डिंग ग्रॅनाइटचा डोंगर वाटते, पण ग्रॅनाइटच्या आत आहे प्रबलित, म्हणजे पोलादी सळया घातलेलं, काँक्रीट, अनबिक या फ्रेंच पद्धतीने ओतलेलं. त्या आकाराच्या इमारतीत हे करणारे जगात फार थोडे होते.

हाडं शोधायची आणखी एक वाट आहे, आणि ती माझ्या रोजच्या कामाची आहे. त्या वेळी पोलादाच्या खांबाभोवती दगड आणि वीट अगदी अंगालगत रचत, मधल्या फटी चुन्याने नाहीतर सिमेंटने भरून टाकत. पाणी अडवायला पोकळी नव्हती. शंभर वर्षं पाऊस झिरपला, पोलाद गंजलं, आणि गंजाला मूळ धातूपेक्षा कित्येक पट जागा लागते. मग तो दगडाला आतून ढकलतो. या दुखण्याला आमच्या व्यवसायात रीजंट स्ट्रीट डिसीज म्हणतात, कारण ते त्या रस्त्यावर ठळकपणे लक्षात आलं. दुर्बीण लावा आणि इमारतीच्या कोपऱ्यांवर, खांबांच्या मधोमध उभी सरळ भेग शोधा. दरजा सोडून ती दगड चिरत गेली असेल, एखादा दगड शेजाऱ्यांपेक्षा काही मिलिमीटर पुढे आला असेल, तर बरोबर त्याच्या मागे पोलाद उभं आहे. नकाशा न बघता सांगाडा कुठून जातो ते अशा भेगा सांगतात. हातोडीने ठोकून मात्र बघू नका. इमारत दुसऱ्याची असते आणि सुटलेला दगड खाली येऊ शकतो.

घरं : दोन पांढऱ्या भिंती, दोन स्वभाव

नगरभवनं बरोकमध्ये सजत असताना घरं बांधणारे उलट दिशेला निघाले होते : साधेपणा, स्थानिक साहित्य, हाताची कारागिरी. याला आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स म्हणतात. यातल्या दोघांच्या घरांची तुलना करा, कारण बाहेरून दोन्ही पांढऱ्या खरबरीत गिलाव्याची आहेत.

सी. एफ. ए. व्हॉयसीचं विंडरमिअर तळ्याकाठचं ब्रॉडलीज किंवा त्याचं स्वतःचं चॉर्लीवुडमधलं द ऑर्चर्ड, दोन्ही १९००च्या आगेमागे झालेली. छप्पर खोल उतरतं, भिंतीच्या बरंच पुढे येतं आणि पन्हळी लोखंडी कंसांवर भिंतीपासून दूर धरलेल्या असतात. पाऊस भिंतीला लागण्याआधीच बाहेर फेकला जातो. आता ग्लासगोजवळ हेलेन्सबरोला चार्ल्स रेनी मॅकिंटॉशचं हिल हाउस बघा, १९०२ ते १९०४ मधलं. आकार विलक्षण आहे. भिंती सलग वर जातात, आणि कित्येक ठिकाणी पाणी बाहेर टाकणारा दगड किंवा पुढे आलेलं छप्पर नाही. गिलावाही पारंपरिक चुन्याचा नाही, नव्या पोर्टलंड सिमेंटचा. चुन्याचा गिलावा भिजतो आणि सुकतो. सिमेंटचा तडकतो, आणि आत शिरलेलं पाणी मग बाहेर पडत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या पावसात ते घर इतकं भिजत गेलं की २०१९ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने त्याच्याभोवती धातूच्या जाळीचा प्रचंड पिंजरा उभारला, भिंतींना सुकायला वेळ मिळावा म्हणून. मॅकिंटॉशचा हात अपूर्व होता यात शंकाच नाही. पण भिंतीच्या माथ्यावर पाण्याचं काय होतं ते व्हॉयसीला जास्त कळत होतं, आणि घर बघताना मी सगळ्यांत आधी भिंतीचा माथा बघते.

साधी, रांगेतली एडवर्डियन घरं ओळखणं सोपं आहे. वरखाली सरकणाऱ्या खिडकीत वरच्या पाखाला लहान लहान तावदानं आणि खालच्या पाखाला एकच मोठी काच, ही पहिली खूण. पांढरा रंगवलेला लाकडी पोर्च, खाली लाल वीट आणि वर खरबरीत गिलावा, दाराला रंगीत काच, आधीच्या पिढीपेक्षा रुंद प्रवेशमार्गिका. विटांच्या रचनेत लांब बाजू आणि डोकं आलटून पालटून दिसत असतील तर भिंत नऊ इंची भरीव आहे. तिची दरज भरायची असेल तर चुन्यानेच भरा. असं घर तुम्ही विकत घेत असाल आणि कोणीतरी सिमेंटने दरजा भरलेल्या दिसल्या, तर विटांचे कोपरे सुटतायत का ते आधी बघा.

आयर्लंडमध्ये बघताना

डब्लिनच्या मेरियन स्ट्रीटवरची आजची सरकारी इमारत रॉयल कॉलेज ऑफ सायन्स म्हणून बांधली गेली. रचना अ‍ॅस्टन वेब आणि टी. एम. डीन यांची. पायाचा दगड १९०४ मध्ये सातव्या एडवर्डने बसवला, १९११ मध्ये पाचव्या जॉर्जने उद्घाटन केलं आणि बाकीचं काम १९२२ पर्यंत चाललं. त्याच वर्षी आयर्लंडचं स्वतंत्र राज्य आलं. समोर उभं राहिलं की लंडनच्या व्हाइटहॉलचा, म्हणजे सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्याचा, तुकडा उचलून आणल्यासारखा वाटतो, आणि पोर्टलंडचा दगड समुद्रापलीकडून आणलेला आहेही.

या लंडनी थाटाला आयरिश उत्तर चर्चमध्ये मिळतं. कॉर्कच्या विद्यापीठातलं १९१६ चं होनन चॅपल बघा. अर्धवर्तुळाकार कमानींची एकात एक बसवलेली दारचौकट, तीव्र उताराचं छप्पर, बारीक गोल मनोरा. बाराव्या शतकातल्या आयरिश रोमनेस्क चर्चकडे, विशेषतः रॉस्क्री गावातल्या जुन्या चर्चच्या दर्शनी भिंतीकडे बघून हे केलंय. आतल्या खिडक्यांपैकी ११ हॅरी क्लार्क या काचचित्रकाराच्या आहेत आणि बाकीच्या डब्लिनच्या 'अन तूर ग्लिने' या काचकामाच्या कार्यशाळेच्या, जी सेरा पर्सरने १९०३ मध्ये काढली. सकाळी जा. क्लार्कचा निळा रंग उजेड कलल्यावर पूर्वीसारखा बोलत नाही.

घरी आल्यावर

वहीतल्या नोंदी पडताळायच्या असतील तर आधी जुने नकाशे काढा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे मोफत आहेत, इंग्लंड आणि वेल्सचेही. १८९०च्या दशकातल्या नकाशात जागा रिकामी आणि १९१०च्या आसपासच्या नकाशात घर दिसत असेल, तर काळ बराच आवळला गेला. वास्तुरचनाकाराचं नाव शोधायला स्कॉटलंड आणि आयर्लंड दोघांचेही वास्तुरचनाकारांचे कोश ऑनलाइन मोफत आहेत.

आयर्लंडमधल्या घराबाबत आणखी एक साधन आहे, आणि ते मला फार मौल्यवान वाटतं. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे मूळ फॉर्म नॅशनल आर्काइव्ह्‌जने मोफत खुले केले आहेत. त्यात कुटुंबाच्या कागदाबरोबर घरांचा वेगळा तक्ता असतो : फॉर्म बी वन. भिंती पक्क्या की मातीच्या, छप्पर स्लेटचं की गवताचं, किती खोल्या, आणि दर्शनी भागाला किती खिडक्या, हे सगळं जनगणनेला आलेल्या पोलिसाने घरोघर लिहून ठेवलंय. तुम्ही बघून आलेल्या घराच्या समोरच्या खिडक्या मोजा आणि १९११ च्या तक्त्यातल्या आकड्याशी लावून बघा. आकडा जुळला नाही, तर पुढच्या वेळी त्या भिंतीवर बुजवलेल्या खिडकीची चौकट किंवा नंतर फोडलेल्या खिडकीभोवतीच्या वेगळ्या रंगाच्या विटा शोधा.